कोठ्यातला वारा कोणी कोंडला?



रोहिणी सरतात, मृगाचा पहिला शिडकावा होतो आणि वखराची शेवटची पाळी मारायला आपण जोडी वावरात नेतो. एक-दीड एकर होत नाही तोच एक बैल तोंड उघडून धापा टाकू लागतो. दुसऱ्या दिवशी तो धुऱ्याशी येऊन थांबतो, तुतारीलाही जुमानत नाही. तिसऱ्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि पेरणीच्या त्या आठ दिवसांत ट्रॅक्टरवाला कोणाचाच नसतो. घरात म्हणतात, उन्हाळ्यात ढेप कमी पडली. शेजारी म्हणतो, बैलच खोडीचा आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. बैल जूनमध्ये थकला असे आपल्याला दिसते. खरे तर तो मे महिन्यातच खचलेला असतो, आणि वावरात नव्हे, आपल्याच कोठ्यात, रात्रीच्या वेळी.

चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो हे भद्रावती-वरोऱ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. नवतपा लागला की माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, कूलरसमोरून हलत नाही, कांदा खिशात घालून फिरतो. बैलाच्या खिशात काय घालणार? त्याला आपण कोठ्यात बांधतो आणि म्हणतो, सावलीत आहे, बरे आहे. सावली ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी वाऱ्याची आहे, आणि आमच्या मते ती जास्त महत्त्वाची आहे.

आधी बैलाच्या पोटात काय चालते ते समजून घेऊ. कडबा, कुटार, तणस असा जाडाभरडा चारा बैल खातो तो पोटाच्या मोठ्या कप्प्यात आंबतो. आंबताना त्यातून उष्णता निघते. शेणखताच्या ढिगात हात घातला की चटका बसतो, तसेच काहीसे तिथे चोवीस तास चाललेले असते. म्हणजे बैल ही पेटलेली चूल आहे. थंडीत ही चूल त्याला तारते, उन्हाळ्यात तीच त्याला जाळते. निरोगी बैलाच्या अंगाचे तापमान साधारण साडेअडतीस अंश. ते तिथेच ठेवायला पोटातली उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. ती टाकायचे रस्ते थोडेच: अंगावरून वारा गेला तर, घाम वाळला तर आणि श्वासातून. बाहेर ४४ अंश असताना वाऱ्याने अंग निवत नाही, उलट तापते. मग राहतो घाम आणि श्वास. आपल्या गवळाऊला किंवा पूर्वेकडच्या काठाणीला घाम बरा येतो, कातडी सैल असते, रंग पांढुरका असतो, म्हणून ती तग धरतात. जर्सीची गाय धरत नाही. म्हशीची तर गोष्टच सोडा. काळे अंग, घाम जेमतेम, ती डबक्यात बसली नाही तर तिचे हाल कुत्रा खात नाही.

दिवसभर जेवढी उष्णता बाहेर टाकता आली नाही तेवढी अंगात साठत जाते. ही उधारी आहे. ती रात्री फिटते, जेव्हा बाहेरची हवा २८-३० अंशांवर येते आणि झुळूक सुटते. बैल उघड्या आखरावर असेल तर पहाटेपर्यंत त्याचे अंग निवते आणि सकाळी तो कोऱ्या पाटीने उभा राहतो. पण रात्रीही तो कोंडलेल्या, तापलेल्या जागेत असेल तर मुद्दल तसेच राहते आणि दुसऱ्या दिवसाचे ऊन त्यावर चढते. सावकाराच्या वहीसारखे ते रोज वाढत जाते. उष्णतेने घेरलेले जनावर चारा कमी खाते, कारण चारा म्हणजे चुलीत आणखी लाकूड. ते रवंथ कमी करते आणि रात्री बसत नाही, उभे राहते. तुमचा बैल मे महिन्यात रात्री उभाच असतो असे दिसले तर तो राखण करतो आहे असे समजू नका.

आता कोठ्याकडे येऊ. आपल्या आज्यांचा कोठा आठवा. सागाच्या किंवा ऐनाच्या खांबांवर उभा, वर कवेलू, बाजूंना पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड, तोही कमरेएवढा, वर मोकळे. कुठे बांबूच्या तट्ट्या. कवेलूंच्या फटीफटींतून गरम हवा वर निघून जायची, खालून कुडातून ताजी हवा आत यायची. याला कोणी शास्त्र म्हटले नाही, पण शास्त्र तेच होते: गरम हवा हलकी असते, ती वर चढते, आणि तिला आढ्याशी वाट मिळाली की ती खालची हवा आपल्या मागे ओढून घेते. धुराड्याचे तत्त्व हेच. वारा नसलेल्या रात्रीही असा कोठा श्वास घेतो.

तो कोठा गेला कसा? कवेलू माकडे फोडतात, दरवर्षी फेरावे लागतात, फेरायला माणूस मिळत नाही. गंमत अशी की ज्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नाव मिळवून दिले, त्याच तालुक्यात आज कवेलू मिळवायला धडपडावे लागते. बांबूचे तर विचारूच नका. जंगलात आपण राहायचे, बांबू कागद कारखान्याला जायचा आणि कोठ्याला तट्ट्या हव्या म्हणून चार बांबू तोडले की गुन्हा आपल्यावर. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला आपल्याच जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा हक्क मिळाला तो २०११ साली. खाजगी जमिनीवरचा बांबू वनकायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून निघाला तो २०१७ साली. तोवर आपल्या कोठ्यांवर टिन चढून गेले होते आणि कुडाच्या जागी विटा आल्या होत्या.

आणि वाघ. तो विसरून चालणार नाही. राज्यातले सर्वांत जास्त वाघ आपल्या जिल्ह्यात आहेत. मोहर्ली-मुधोलीकडे तर आहेतच, पण आता खाणींच्या झुडपांत, वर्धेच्या काठच्या कपाशीत, आयुधनिर्माणीच्या आवारातही ते दिसतात. बिबट तर गल्लीत येतो. ज्याच्या दावणीचे वासरू एकदा गेले तो माणूस कोठ्याला भिंत घालणारच. त्याला वाऱ्याचे व्याख्यान देणारे आपण कोण?

हे आम्ही वरवर म्हणत नाही. आमच्या हातून एक चूक झालेली आहे. बफरलगतच्या एका गावात बिबट्याने एका घरचे गोऱ्हे नेले. आम्ही कृषीचे शिकलेले. वही काढून नकाशा करून दिला: चारही बाजूंनी विटांच्या भिंती थेट छपरापर्यंत, वर टिन, लोखंडी दार, हवेसाठी एक हातभर झरोका. शेतकऱ्याने कर्ज काढून तसाच्या तसा बांधला. बिबट पुन्हा आत शिरला नाही. दुसऱ्या वर्षी मृगाच्या तोंडाशी दोन पावसे पडून उघाड पडली. हवा अशी की पान हलत नव्हते. पहाटे दार उघडले तर जोडीतला सरस बैल खाली पडलेला, तोंडाला फेस, जीभ बाहेर. दुसरा भिंतीला डोके टेकून उभा. आम्ही म्हटले, साप असेल. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "साप नाही जी. दार उघडलं का रोज तोंडावर वाफ येते, इस्त्रीच्या दुकानात गेल्यावानी." शेतकरी एवढेच म्हणाला, "भिंतीनं राखलं का मारलं, तुमीच सांगा." त्या पोळ्याला त्या घरची जोडी आखरावर आली नाही. हा लेख तिथून सुरू झाला असे समजा.

बैल मेमध्ये न मरता जूनमध्ये का मेला, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. नंतर हिशेब मांडून पाहिला तेव्हा कळले. गुरांना उष्णतेचा त्रास किती होतो हे मोजायचा एक जुना आकडा आहे. तो तापमान आणि हवेतला ओलावा या दोन्हींवरून काढतात. तापमानाला ०.८ ने गुणा. मग तापमानातून १४.४ वजा करून जे उरेल त्याला ओलाव्याने गुणा (ओलावा २० टक्के असेल तर ०.२०). दोन्ही मिळवून त्यात ४६.४ टाका. मे महिन्याची दुपार धरा: ४२ अंश, ओलावा २० टक्के. आकडा येतो साडेपंच्याऐंशी. आता जूनची रात्र धरा: बंद कोठ्यात ३४ अंश, ओलावा ७० टक्के. आकडा येतो ८७ च्या वर! म्हणजे ३४ अंशांची कोंदट रात्र ४२ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा जनावराला जड. आणि तीच मेमधली उघड्यावरची रात्र, ३० अंश आणि ३० टक्के ओलावा, मांडून पाहा: ७५. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांकरिता हा आकडा वापरतात; तिथे ७५ ला सावध, ७९ ला धोका आणि ८४ ला आणीबाणी समजतात. आपली जनावरे त्यांच्यापेक्षा काटक, तेव्हा त्या पायऱ्या आपल्याला जशाच्या तशा लागू नाहीत. पण कोणती रात्र कोणत्या रात्रीपेक्षा वाईट, हे त्या आकड्यावरून बरोबर कळते.

कारण सोपे आहे, आणि विदर्भातल्या प्रत्येक घराला ते माहीत आहे. कूलर एप्रिल-मेमध्ये गारवा देतो, पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. हवा ओली झाली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. शिवाय कूलर लावून समोरची खिडकी बंद ठेवली तर मेमध्येही तो काम करीत नाही, हे आपण घरात पाळतो. कोठ्यात मात्र सहा जनावरे, त्यांचा श्वास, त्यांचा घाम, शेण, मूत, सगळा ओलावा आत, आणि बाहेर जायला वाट नाही. तोंडावर येणारी ती वाफ म्हणजे दुसरे काय?

वाऱ्याची किंमत किती असते याचा मोठा दाखला परदेशातला आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मांसासाठी पोसलेली किमान २,००० जनावरे काही दिवसांत उष्णतेने मेली. त्यांच्याभोवती भिंती नव्हत्या, ती उघड्या वाड्यांत होती. पण पारा चढला, हवेतला ओलावा वाढला, वारा पडला आणि रात्रीही हवा निवली नाही. या चार गोष्टी एकदम आल्या. सगळी यंत्रसामग्री, डॉक्टर, पाण्याचे टँकर हाताशी असलेल्या देशात हे झाले. आपण तर आपल्या हाताने भिंती घालून वारा पाडतो, आणि तोही रोज रात्री.

तेव्हा करायचे काय? भिंती पाडा असे आम्ही म्हणणार नाही. वाघ आहे, चोर आहे. पण भिंत आणि जाळी यांत फरक आहे. वाघाला अडवते ते मजबुतीने, जाड असण्याने नव्हे. कोठ्याच्या दोन्ही लांब बाजूंना खालपासून वरपर्यंत जाड तारेची वेल्डिंग केलेली जाळी बसवली, ती लोखंडी चौकटीत घट्ट केली आणि खाली पायात हातभर गाडली, तर बिबट आत येत नाही आणि वारा अडत नाही. कुंपणाला वापरतात ती विणलेली सैल जाळी चालणार नाही. ती पंजाने ओढली की वाकते. एक गोष्ट पुष्कळ जण चुकतात: खाली तीन फूट भिंत आणि त्यावर जाळी. दिसायला बरे, पण बैल रवंथ करतो तो बसून, त्याचे अंग त्या तीन फुटांच्या आत. उभ्या माणसाला वारा लागतो, बसलेल्या बैलाला लागत नाही. भिंत असलीच तर मधल्या विटा सोडून जाळीदार बांधा.

छपराचे आणखी महत्त्वाचे. टिनाच्या दोन पाख्यांच्या मध्ये आढ्यावर फट हवी, आणि त्या फटीवर पाऊस न येण्यापुरती दुसरी उंच टोपी. कोठ्याच्या रुंदीच्या दर दहा फुटांमागे निदान दोन इंच फट हा साधा नियम आहे. बारा फुटी कोठ्याला अडीच इंच. तेवढ्याने काय होणार, असे वाटेल. दुपारी त्या फटीपाशी हात धरून पाहा, भट्टीवर धरल्यासारखे वाटेल. ती सगळी उष्णता आजपर्यंत आत राहत होती. फट वीतभर ठेवायची झाली तर तिलाही जाळी लावा, कारण बिबट छपरावरून येतो. वळचण आठ फुटांच्या खाली नको, आढे बारा-तेरा फुटांवर. ठेंगण्या टिनाखाली जनावराच्या पाठीवर वरून तापलेला तवाच धरलेला असतो. कोठा नवा बांधायचा असेल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मावळतीचे ऊन फक्त आखूड बाजूवर येते आणि पावसाळी वारा लांब बाजूने आत शिरतो.

टिन बदलायला पैसे नसतील तर चुना लावा. मार्चमध्ये टिनावर चुन्याचे दोन हात दिले तर ते आधीसारखे तापत नाही. किंवा वर तुराट्यांचा, तणसाचा जाड थर टाका. पऱ्हाटी टाकू नका. उकलली-न उकललेली बोंडे असलेली पऱ्हाटी जूनपर्यंत छपरावर ठेवणे म्हणजे गुलाबी बोंडअळीला घर बांधून देणे आहे; २०१७ सालात तिने काय केले ते आपण विसरलेलो नाही. आणि छपरावर गवतकाडी असेल तर विजेची लोंबती तार कोठ्यातून आधी काढा. मेमध्ये एक ठिणगी पुरते.

वाऱ्यालाही वेळ असते, हे मात्र ध्यानात ठेवा. दुपारी बारा ते पाच या वेळात वाहते ती लू. ती आत घेऊन उपयोग नाही, तोटाच आहे. त्या वेळी जनावर कोठ्यात नकोच. कडुनिंब, चिंच, मोह, जे असेल त्याखाली बांधा. झाडाच्या सावलीची बरोबरी कोणतेही छप्पर करीत नाही, कारण झाड तापत नाही. झाड नसेल तर कोठ्याच्या पश्चिमेला ओले पोते किंवा बांबूची तट्टी टांगा आणि दिवस मावळला की ती काढून टाका. काढायला विसरला तर सगळे मुसळ केरात. अंगावर पाणी टाकायचे तेही वारा असेल तरच. बंद कोठ्यात रात्री पाणी मारणे म्हणजे ओलावा वाढवणे. जाडा चारा संध्याकाळी उशिरा घाला, म्हणजे चूल पेटेल ती गार वेळेला. पाणी सावलीतल्या टाक्यात आणि रात्रीही समोर असू द्या. आपण रात्री उठून माठाशी जातो, बैल दाव्याला बांधलेला असतो. कोरड्या, हवेशीर कोठ्यात माशाही कमी होतात, आणि २०२२ च्या लम्पीनंतर माशीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत शेतकऱ्याने करायचे. आता पैशाचे आणि धोरणाचे बोलू, कारण त्याशिवाय ही चर्चा म्हणजे गरिबाला बदाम खा म्हणण्यासारखी आहे.

राज्य सरकारने २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पक्क्या गोठ्याला पैसे दिले. दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये. मापेही ठरवून दिली: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, गव्हाण इतकी, मूत्राचे टाके २५० लिटरचे, पाण्याचे २०० लिटरचे. मापे वाईट नाहीत. सहा जनावरांना साडेचार चौरस मीटर प्रत्येकी जागा मिळते. मूत्राच्या लिटरचाही हिशेब झाला. पण हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, याची चर्चा आम्ही ज्या ज्या ग्रामसभेत बसलो तिथे एकदाही ऐकली नाही. 'पक्का' म्हणजे विटा, सिमेंट, टिन, एवढेच सर्वांच्या डोक्यात. इंजिनियर साहेब टेप धरून गव्हाण मोजतात. आढ्याकडे वर पाहत नाहीत. पुढे ज्या कोणत्या नावाने गोठ्याला सरकारी पैसा येईल, त्यात वळचणीची उंची आणि आढ्याची फट हीही मोजायची मापे असली पाहिजेत.

दुसरी गोष्ट वाघाची. वाघ कायद्याने राखलेला आहे, १९७२ पासून. तो राखायचा निर्णय देशाने घेतला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याची पहारेदारी कोणाच्या खर्चाने चालली आहे? वाघाने बैल मारला तर भरपाई मिळते; २०२२ साली ती ६०,००० वरून ७०,००० पर्यंत वाढवली, किंवा बाजारभावाच्या ७५ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. पाव किंमत बैलाच्या मालकानेच सोसायची. आणि वाघाच्या भीतीने कोंडून घातलेला बैल गुदमरून खचला, निम्म्या किमतीला गेला किंवा मेला, तर त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात बसतो? पंजाची खूण नाही, म्हणजे वाघाचा संबंध नाही! आमच्या मते हा बैल वाघानेच मारलेला असतो, फक्त दात न लावता. बफरच्या गावांना जन-वन योजनेतून गॅस आला, काही ठिकाणी शेताला सौर कुंपण आले. कोठ्याची जाळी त्याच पंक्तीला बसली पाहिजे, आणि तीही भरपाई म्हणून नव्हे, वाघ राखण्याचा खर्च म्हणून. एका मेलेल्या बैलाच्या भरपाईत एका कोठ्याच्या जाळीचा मोठा हिस्सा निघतो, हे गणित वनखात्याला कळायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, पण बोलल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. अमेरिकेत कोठ्याला वारा द्यायचा की नाही याचा निर्णय शेतकरी एका वाक्यात करतो: जनावराचे वजन वाढेल, वजनाचे पैसे मिळतील, जाळी-पंख्याचा खर्च निघेल. आपल्याकडे १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ साली उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. तेव्हापासून बुढ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. पूर्वी थकलेला बैल विकून जे चार पैसे यायचे त्यात भर घालून नवा गोऱ्हा घेतला जायचा. ती साखळी तुटली. आता थकलेला बैल मरेपर्यंत पोसायचा, नवा पूर्ण पैशाने घ्यायचा, आणि वर कोठ्यावर खर्च करायचा. मग शेतकरी म्हणतो, कशाला? ट्रॅक्टर बोलावतो. बैलावर प्रेम नाही म्हणून तो कोठा दुरुस्त करीत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्याची वही पाहावी. ज्या मालाच्या विक्रीवर बंदी आहे त्या मालात भांडवल घालायला कोणता व्यापारी तयार होईल? गोप्रेमाच्या सभा दुपारी मांडवात, कूलर लावून होतात. त्याच वेळी बैल टिनाखाली उभा असतो.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की ट्रॅक्टरच्या जमान्यात बैलाच्या कोठ्यावर कागद कशाला खर्च करता. त्यांना आमचे उत्तर असे की डवरणीला कपाशीच्या तासात अजून बैलच जातो, पाच एकरांच्या कोरडवाहूवाल्याला ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही, आणि शेण विकत आणायचे दिवस आले तर आपल्या जमिनीचे काय होईल ते आम्ही मातीच्या तपासण्यांत पाहिले आहे. शिवाय कोठ्यात म्हैस आहे, शेळ्या आहेत, दुधावर चार पैसे येतात. वारा त्यांनाही लागतो.

सभेला येण्यापूर्वी एक काम करा. रात्री नऊच्या सुमाराला कोठ्यात जा, दिवा दुरून दाखवा, बैलाला उठवू नका. एक मिनिट घड्याळ धरून त्याच्या बरगडीची वरखाली मोजा. गार हवेत, आरामात असलेला बैल मिनिटाला २०-३० वेळा श्वास घेतो. साठच्या वर गेला तर तो त्रासात आहे. ऐंशी-शंभर आणि तोंड उघडे, मान ताणलेली असेल तर त्याला त्याच रात्री बाहेर काढा, राखणीला कोणीतरी बसा. मग आकडा याच पानाच्या मागे लिहा: गाव, तारीख, कोठ्यावर टिन की कवेलू, बाजूला भिंत की कूड, आढ्याला फट आहे की नाही. पाच रात्री मोजा, त्यातली एक पाऊस पडून गेल्यानंतरची असू द्या. पाने सभेत गोळा करू. जिल्ह्याच्या कार्यालयात जाळीची मागणी घेऊन जाऊ तेव्हा आमच्या डिग्रीपेक्षा ही पाने टेबलावर ठेवलेली बरी.